कोरडं चालतं

६ मे

डबा उघडला आणि झाकणाबरोबर वास उडाला. डाळ-भात आंबलेला, वर बारीक बारीक बुडबुडे. पहाटे शिजवलेलं अन्न, दुपारी हे! इंजिनाची केबिन म्हणजे तापलेला तवा, त्यात गयेचा उन्हाळा. सगळं खिडकीतून ओतून दिलं, तर वाऱ्याने दोन-चार शितं परत माझ्याच बाहीवर. दिवसभर तो आंबूस वास अंगावर घेऊन बसले.

चौबेजी हसत होते. "मॅडम, मालगाडीवर भात चालत नाही. इथे माणूस टिकत नाही, भात काय टिकणार!"

त्यांच्याबरोबर आजपासून जोडी लागली. ते लोको पायलट, मी त्यांची असिस्टंट. सगळे केस इंजिनावरच पांढरे झालेत म्हणे. सिग्नल दिसला की मी मोठ्याने म्हणायचा आणि त्यांनी तोच परत मोठ्याने म्हणायचा — दोघांनाही दिसला याची खात्री. ते म्हणतात, पण गालात खैनीचा तंबाखू धरून. मी "हिरवा" म्हणते. ते "हिरवा" म्हणतात आणि काचेवर तपकिरी उडतं.

मला ओकारी येते. काच मीच पुसते.

९ मे

काल दह्याचा डबा फुटला. फुटला म्हणजे झाकणच उडालं. रेल्वेने दिलेल्या सगळ्या कागदांवर दही.

माय म्हणाली, "भट्टीवाल्याची लेक आणि दही घेऊन जाते! लोक आपल्याकडून दहा गावं लांब घेऊन जातात ते काय, दही?"

खरंच की. मानपूरच्या नाक्यावर मायची भट्टी, वाळूत चणे फुटायचा आवाज ऐकतच मी अभ्यास केला. नोकरी लागली तेव्हा वाटलं, सुटले त्या धुरातून. आता डब्यात भात नेणारी झाले होते ना मी, साहेब लोकांसारखी. घ्या साहेबी!

मायने आज सगळं बसवून दिलं. भाजके चणे, मक्याच्या लाह्या, शेंगदाणे, थोडं जवस — हा झाला भुंजा, येता-जाता खायला. चणा आणि जव दळून सत्तू. "मीठ आधी मिसळू नकोस, पाणी सुटतं. कांदा कापून नेऊ नकोस, अख्खा ने. लिंबूही अख्खं. लोणच्यातली मिरची घे, फोड नको, फोडीला पाणी असतं. गुळाचा खडा कागदात नको, डबीत. खाताना सत्तू पाणी घालून मुठीएवढा मळायचा. मळलेला ठेवायचा नाही." एवढं बोलून परत वाळू ढवळायला लागली. माझ्या परीक्षेच्या पुस्तकात सुरक्षेचे नियमसुद्धा इतके सुटसुटीत नव्हते.

१५ मे

टिकतं! सकाळी निघाले, दुसऱ्या दिवशी उतरले, भुंजा तसाच कुरकुरीत. सत्तूने पोट भरतं, जडही होत नाही, झोप येत नाही. घाटात झोप आली तर संपलंच.

पण डब्याला आता दुसरा वाटेकरी. चौबेजी विचारत नाहीत. हात येतो तो थेट डब्यात. खैनी मळलेला हात. तळहातावर चुन्याचे पांढरे डाग, नखांत काळं. चाळवून चाळवून शेंगदाणे तेवढे वेचतात, बाकीचं परत टाकतात. परत!

"माय भाजते ना तुझी? हात चांगला आहे तिचा," म्हणाले.

चांगला आहेच. तुमचा कसला आहे ते सांगू का — असं मनात. तोंडाने "हो सर".

राहिलेला भुंजा घरी बकरीला घातला. तिनेही आधी हुंगून बघितलं.

१६ मे

आज त्यांनी समोशाचे हात हिरव्या झेंड्याला पुसले. झेंड्याला!

२१ मे

डोक्यात जाळ झालाय. लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

कोडरम्याच्या अलीकडे गाडी बाजूला काढली होती, पुढे राजधानी जायची म्हणून. मालगाडी काय, कुणीही यावं आणि बाजूला सारावं. मी सत्तू मळला. मीठ, ओवा, मिरची, लिंबू, वर कांदा ठेचून. केबिनमध्ये छान वास सुटला. चौबेजींचा भुंजा — म्हणजे माझा — संपला होता. ते माझ्या हाताकडे बघत होते. मला आपलं वाटलं, वयाचं माणूस, उपाशी कशाला. एक गोळा पुढे केला.

ते चक्क मागे सरकले. खुर्ची मागे जात नाही तरी पाठ मागे रेटली.

"अरे नाही नाही. यात पाणी घातलंस ना तू."

मला कळेचना. म्हटलं, "पाणी स्वच्छ आहे सर, घरून भरून आणलंय."

"स्वच्छतेचं नाही ग. कोरड्याला काही लागत नाही. कोरडं चालतं. पाणी लागलं की मग… आपापलं आलं." हसले. समजूतदारपणे हसले, जसं लहान पोराला सांगतात. "मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या वडिलांनी कधी बाहेरचा पाण्याचा थेंब घेतला नाही. मी निदान तुझ्या शेजारी बसतो."

निदान शेजारी बसतात!

म्हणजे माझ्या डब्यात थुंकीचा हात घालताना विटाळ नाही. मायने घाम गाळून भाजलेलं मुठी मुठी खाताना नाही. मी त्यात पाणी ओतलं की झाला. हा कसला धर्म, जो शेंगदाणे वेचून खातो?

तो गोळा मी त्यांच्यासमोर खाल्ला. 

२२ मे

आज भुंजा नेला नाही. नुसता सत्तू, आणि सगळा मळून टाकला लगेच. बघू कसा चालतो.

ते दिवसभर पिशवीकडे बघत राहिले. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच शिसारी आली. एका म्हाताऱ्याला फुटाण्यांवरून छळायचं — हेच करायला का आले मी इंजिनावर? उद्यापासून आणीन. त्यांचा वेगळ्या डबीत.

२७ मे

ड्यूटीवर जाता-येता हजेरी लावतो त्या लॉबीत तरन्नुम भेटली. तीही असिस्टंट, माझ्याच भरतीतली. दोघींनी एकमेकींच्या बाटल्या बघितल्या. दोन्ही भरलेल्या.

"निभा, तूही पीत नाहीस?" ती म्हणाली.

कशी पिणार? इंजिनात सोय नाही. पुरुष दरवाजात उभे राहतात. चौबेजी तर मला "मॅडम, तिकडे बघा" एवढं सांगायचेसुद्धा कष्ट घेत नाहीत. वाऱ्याची दिशा ज्याने त्याने समजून घ्यायची! आम्ही दोघी तोंड ओलं करायचं म्हणून एक-एक घोट घेतो आणि भरलेली बाटली घरी परत आणतो. मायला सांगितलं नाही. ती म्हणेल, सत्तूवर पाणी प्यायलंच पाहिजे, नाहीतर पोट दगड होतं. होतंच आहे दगड.

किळस कशाकशाची करू?

३० मे

चौबेजी खिशातून गोळी काढून गिळताना दिसले. माझ्याकडे पाठ करून. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"ॲसिडिटी," म्हणाले. "समोसे सोसत नाहीत आता."

सोसत नाहीत तर खाता कशाला? पण मी कोण विचारणारी.

३ जून

 अक्षर कसंही येऊ दे.

सकाळी त्यांच्या घरचा डबा होता — पुऱ्या आणि बटाट्याची रसभाजी. त्यांनी गोळी घेतली आणि डबा ठेवून दिला, "घाटाच्या आधी खाऊ". घाटाच्या माथ्यावरच्या छोट्या स्टेशनात गाडी बाजूला काढली आणि विसरलेच आम्हाला. ना दुकान, ना झाड. दुपार उलटली. त्यांनी डबा उघडला, तर भाजीला तार सुटलेली. शेवाळासारखी.  डबा भिरकावून दिला त्यांनी. बाटली कधीच संपली होती त्यांची. त्यांच्या डबीतला भुंजा सकाळीच फस्त झालेला.

मी म्हटलं, "सत्तू मळू?"

"कोरडा दे."

कोरडा दिला. बोकणा भरला, ठसका लागला, सगळं समोरच्या काचेवर. पाण्याशिवाय कोरडा सत्तू कुणाच्या बापाला गिळवत नाही. माझी बाटली जवळजवळ भरलेली, माझ्या पायाशी. तिच्याकडे बघितलं त्यांनी. मीही बघितलं. मी ती पुढे केली नाही. ते म्हणाले, "खाली उतरलो की बघू."

तेवढ्यात सिग्नल मिळाला. कोळशाने भरलेली गाडी, समोर उतार.

बोगद्याच्या पुढे मी म्हटलं, "पिवळा." उत्तर नाही. पुन्हा म्हटलं, "सर, पिवळा!" ते बघत होते समोरच. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, ओठ हलत होते, शब्द नाही. ब्रेकच्या दांड्यावर हात होता, पण तो हात झोपलेल्या माणसाचा. गाडी वेग धरत होती. वळण सुटलं आणि लांबवर लाल दिसला.

मी माझ्या बाजूचा इमर्जन्सी ब्रेक खेचला.

चाकांचा तो किंकाळी फोडल्यासारखा आवाज, जळक्या लोखंडाचा वास. मागून डब्यांचे धक्के. गाडी सरकत राहिली, सरकत राहिली. थांबली तेव्हा लाल दिवा इतका जवळ होता की त्याच्या काचेवरची धूळ दिसत होती.

चौबेजी खुर्चीतून घसरले. डोळे अर्धवट. काहीतरी बरळत होते — "मुन्नीला सांग… गाय आत बांध…" ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, घाम, बरळणं, थरथर — साखर उतरलेली असते. ती गोळी आठवली. ॲसिडिटी म्हणे!

गूळ फोडला. माझ्या बाटलीचं झाकण भरून पाणी, त्यात चुरला, बोटाने ढवळला. तोंडाशी नेला तर त्यांनी दात आवळले. शुद्धीत पुरते नाहीत, मुलीचं नाव नीट येत नाही, पण हे समजलं. "पाणी… नको… तुझं नको…"

तिथे मला जी किळस आली तिला नाव नाही. वाटलं, मरू दे. खरंच वाटलं. लिहिते, कारण इथे कुणी वाचत नाही.

मग मी त्यांचा जबडा धरला आणि ओठांच्या फटीतून थोडं थोडं सोडलं. गिळलं. पुन्हा सोडलं. अर्धं त्यांच्या छातीवर सांडलं. थोड्या वेळाने डोळे स्थिर झाले, तेव्हा गुळाच्या पाण्यात सत्तू कालवून पाजला. तो मात्र स्वतःच्या हातांनी झाकण धरून प्यायले. शेवटपर्यंत. आणि मग बाटलीकडे नजर गेली, आणि सगळंच्या सगळं माझ्या कुर्त्यावर ओकले.

पोट नाकारत होतं की दुसरं काही, देव जाणे.

गार्डला वॉकीटॉकीवर सांगितलं होतंच. दुसरी जोडी आली, त्यांना खाली उतरवून दवाखान्यात नेलं. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

४ जून

कुर्ता तीनदा धुतला. वास जात नाही. मायने शेवटी भट्टीत टाकला.

७ जून

तरन्नुमचा फोन. "लॉबीत काय चाललंय माहीत आहे? म्हणे निभाच्या शिळ्या सत्तूने चौबेंना विषबाधा झाली. म्हणे बायका इंजिनावर डब्यांचे प्रयोग करतात, सिग्नल कोण बघणार."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. कुणीतरी सुरू केलं असेल."

कुणीतरी! दुसरं कोण? पाणी प्यायला, जगला, आणि आता माझ्या मायच्या हाताला नाव ठेवतोय. स्वतःची साखर झाकायला. चौकशी लागली आहे. चौकशी संपेपर्यंत मला गाडी नाही. डबा रिकामा पालथा पडलाय आणि मला भूकच नाही.

८ जून

मायला सगळं सांगितलं. पाण्याचंही. वाटलं होतं, ती चिडेल माझ्यासारखी. चिडलीच. पण भलत्यावर.

"आपलं पाणी चालत नाही? कोण म्हणतो? तुझ्या आजोबांच्या हातचं पाणी बामण घ्यायचे. पंक्तीत पाणी वाढायचे ते. हा कोण उपटसुंभ! आपण काही तसले नाही म्हणावं."

"तसले म्हणजे कसले, माय?"

"म्हणजे तसले." आणि चणे पाखडायला लागली.

मी पुढे विचारलं नाही. सत्तूला नाव ठेवलं ते मात्र तिने जिवाला लावून घेतलं. नवीन चणे आणले, पहिले सगळे कोंबड्यांना घातले. "एक खडा खराब निघाला तर भट्टी बंद करीन." मला रडू आलं. या बाईच्या हातावर थुंकतात हे लोक.

१२ जून

चौकशी झाली.

मी सगळं पाठ करून गेले होते. विषबाधा नाही, गोळी मी बघितली, वगैरे. साहेबांनी हात वर करून थांबवलं.

"विषबाधेचं कुणी म्हटलं तुम्हाला? चौबेंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. साखर आहे, काही वर्षं लपवली, गोळी घेऊन उपाशी होतो. असिस्टंटने गाडी थांबवली आणि माझा जीव वाचवला, असं म्हणाले. इंजिन स्वतःहून सोडलं त्यांनी. आता लॉबीतच बसतील."

 इतके दिवस ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्याने एक शब्द खोटा सांगितला नव्हता. हातातलं इंजिन सोडलं.

मग साहेबांनी त्यांचं म्हणणं वाचून दाखवलं, माझी सही हवी म्हणून. शेवटी होतं — "असिस्टंटने गूळ व कोरडा सत्तू दिला. पाणी मी माझ्या बाटलीतील घेतले."

"साहेब, त्यांची बाटली रिकामी होती."

"असू दे ना. तेवढ्याने काय बिघडतं?"

"पाणी माझं होतं. मी पाजलं."

साहेबांनी चष्मा काढला. आवाज खाली आणला. "निभाजी, त्यांनी हात जोडून सांगितलंय, एवढं एक वाक्य राहू द्या. बाकी सगळं तुमच्या बाजूचं आहे. बक्षिसासाठी तुमचं नाव पाठवतोय मी. काय मिळणार तुम्हाला त्यातून?"

"काही नाही. पाजलं म्हणून सांगतेय."

आजार कबूल. चोरून घेतलेली गोळी कबूल. इंजिनावर पाणी सोडलं — पण माझं पाणी कबूल नाही! ही कसली शरम, जी बरोबर उलट्या जागी येते?

सही केली नाही. शेवटी साहेबांनी कपाळाला आठ्या घालून वाक्य बदललं. तेव्हा केली.

१३ जून

लॉबीच्या पायरीवर चौबेजी भेटले. उतरलेले, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. खैनी सुटली वाटतं, दात धुतलेले दिसले.

"तू माझा जीव वाचवलास. मरेपर्यंत विसरणार नाही," म्हणाले. "पण ते वाक्य कशाला खोडलंस? गावात मी काय तोंड दाखवू?"

"गावात सांगा, जिवंत आहे म्हणून."

 त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून तोंडात टाकली. मला त्यांची दया आली. आणि दया आल्याचा संताप. किळस होती तेव्हा सोपं होतं, एका जागी होती.

"भुंजा आणलायस?" त्यांनी विचारलं.

मी निघून आले.

२२ जून

नवे लोको पायलट. सुखाडी मांझी. मुसहर आहेत, आमच्याकडे सगळ्यांत खाली धरलेली जात. धुतलेला शर्ट, सिग्नल खणखणीत म्हणतात, गाडी थांबल्यावर मला "मी त्या बाजूला बघतो, तू निवांत उतरून ये" म्हणाले. असा माणूस इंजिनावर पहिल्यांदा भेटला. दुपारी गाडी बाजूला काढली. माझा डबा घाईत घरी राहिलेला. त्यांनी सत्तू मळला, लिंबू पिळलं, दोन गोळे केले आणि एक माझ्यापुढे धरला.

मायच्या भट्टीवर मुसहर बाया पदर पसरतात, आणि माय वरून टाकते, हात लागू न देता. का, ते मी कधी विचारलं नाही.

पोटात आग पडली होती. हात उठेना. "मी खाऊन आलेय," म्हटलं.

ते रागावले नाहीत. गोळा परत ठेवला, दुसरी डबी काढली आणि माझ्याकडे सरकवली.

"घे. कोरडाही आणतो मी. वेगळा ठेवलेला असतो."

घेतला.